भाजीपाल्यातील मूळकुज आणि ट्रायकोडर्मा: पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी यांपैकी कोणतेही पीक घेणाऱ्याची मूळकुजीशी कधी ना कधी गाठ पडतेच. दुपारी माना टाकलेली रोपे संध्याकाळी सावरतात, दोन-चार दिवसांनी ती सावरेनाशी होतात, आणि मग घाईघाईने कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्माची पिशवी आणून बुंध्याशी ओतली जाते. रोपे अर्थातच वाचत नाहीत आणि ‘ट्रायकोडर्माने काही होत नाही’ असे मत कायमचे बनते. हे मत मी अनेक शेतकऱ्यांकडून ऐकले आहे. अधिक विचारपूस केली की बहुतेक वेळा असे कळते, की ट्रायकोडर्मा दिली तेव्हा रोग मुळात शिरून बरेच दिवस झाले होते.

ट्रायकोडर्मा ही जमिनीत राहणारी सजीव मित्रबुरशी आहे. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालते, त्यांच्या पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे सोडते आणि आतील अन्नद्रव्यावर स्वतः वाढते. अमेरिकेत संशोधन करणाऱ्या वाइंडलिंग यांनी १९३२ साली तिचा हा परजीवी स्वभाव शास्त्रीय पद्धतीने मांडला. त्याखेरीज ती मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधीच व्यापून टाकते आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते. मात्र कुजलेले मूळ ती पुन्हा उगवून देऊ शकत नाही. म्हणून रोगकारक बुरशी येण्याच्या आधी तिने मुळाशी ठाण मांडलेले असले पाहिजे. पुढील सर्व पायऱ्यांचा क्रम याच एका गोष्टीवरून ठरला आहे.

१. आधी रोप उपटून पाहा

माना टाकणारे प्रत्येक रोप मूळकुजीचेच असते असे नाही, आणि प्रत्येक रोगावर ट्रायकोडर्मा चालत नाही. म्हणून नुकतेच मलूल होऊ लागलेले एक रोप खुरप्याने मातीसकट अलगद काढावे, बादलीतल्या पाण्यात मुळे हलक्या हाताने धुवावीत आणि उजेडात पाहावीत.

मुळाची साल दोन बोटांत धरून ओढल्यावर ती मोज्यासारखी निसटून आली आणि आत नुसता पांढरट दोरा उरला, तर पिथियम या रोगकारक बुरशीचा संशय घ्यावा. रोपवाटिकेत कोवळी रोपे जमिनीलगत पिचून आडवी पडतात, ती रोपकोलमडही बहुधा याच पिथियममुळे किंवा रायझोक्टोनियामुळे होते. बुंध्याशी पांढऱ्या कापसासारखी वाढ आणि तिच्यात मोहरीएवढे पांढरे ते तपकिरी दाणे दिसले, तर तो स्क्लेरोशियम आहे. खोड उभे चिरल्यावर सालीच्या आत तपकिरी रेघ वरपर्यंत गेलेली दिसली, तर तो फ्युजॅरियममुळे होणारा मर रोग असू शकतो. साचलेल्या पाण्यात उभ्या असलेल्या मिरचीचा बुंधा काळपट पडून झाड अचानक वाळले, तर फायटोप्थोराचा विचार करावा. या सर्वांच्या प्रतिबंधासाठी ट्रायकोडर्माचा कमी-अधिक उपयोग होतो.

उपयोग होत नाही ती दोन प्रकरणेही ओळखता आली पाहिजेत. पहिले म्हणजे जिवाणूजन्य मर. बुंध्याजवळच्या खोडाचा दोन इंच तुकडा कापून तो स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात, कापलेला भाग पाण्यात बुडेल असा धरावा. काही मिनिटांत त्यातून दुधाळ धागा खाली उतरू लागला, तर रोग जिवाणूचा आहे. कोकणात आणि गोव्यात वांगी, टोमॅटो आणि मिरचीवर तो नेहमी आढळतो. तेथे प्रतिकारक वाण, कलमी रोपे आणि पीक फेरपालट यांचाच आधार घ्यावा लागतो. दुसरे प्रकरण सूत्रकृमींचे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचे. मुळांवर बारीक-मोठ्या गाठी दिसल्या तर मूळ दुखणे सूत्रकृमींचे आहे आणि त्यांनी केलेल्या जखमांतून बुरशी नंतर शिरली आहे. अशा शेतात सूत्रकृमींचा बंदोबस्त केल्याशिवाय नुसत्या ट्रायकोडर्मावर भिस्त ठेवू नये.

निदानाबद्दल खात्री वाटत नसेल, तर अर्धमेली दोन-तीन रोपे मुळांसह आणि मातीसह कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात न्यावीत. पूर्ण वाळलेले रोप नेऊ नये, कारण त्यावर कुजवणाऱ्या इतर बुरश्या वाढलेल्या असतात आणि मूळ कारण सापडत नाही.

२. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

एका एकरासाठी साधारण पुढील तयारी लागते:

- शेणखतात मिसळण्यासाठी ट्रायकोडर्मा भुकटी २ किलो, आणि आळवणीसाठी (द्रावण बुंध्याशी ओतण्यासाठी) लागणारी वेगळी
- पूर्ण कुजलेले शेणखत २०० किलो, शक्य असल्यास निंबोळी पेंड २० किलो
- गोणपाट, फावडे, घमेले, झारी, गाळण्यासाठी सुती कापड
- हातमोजे आणि नाकातोंडाला मास्क
- माती परीक्षणाचा अहवाल, विशेषतः सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्ब यांच्या नोंदी
- खरेदीचे पक्के बिल आणि वापरलेल्या पाकिटाचे वेष्टन

बिल आणि वेष्टन पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. मालाबद्दल तक्रार करायची झाल्यास बॅच क्रमांक असलेले बिल आणि वेष्टन यांशिवाय तालुका कृषी अधिकाऱ्यांना पुढे काही करता येत नाही. आपले शेत सेंद्रिय प्रमाणीकरणाखाली असेल, तर नेमके हेच उत्पादन चालते का, हे प्रमाणीकरण संस्थेकडून खरेदीआधी लेखी विचारून घ्यावे.

३. खरेदी करताना पाकीट वाचा

बाजारात प्रामुख्याने ट्रायकोडर्मा व्हिरिडी आणि ट्रायकोडर्मा हर्झियानम ही दोन नावे दिसतात. मूळकुजीसाठी दोन्ही चालतात. त्यांपैकी कोणती घ्यावी यावर फार वेळ घालवण्यापेक्षा पाकिटातील बुरशी जिवंत आहे ना, याकडे लक्ष द्यावे.

पाकिटावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख, अंतिम मुदत, बॅच क्रमांक आणि सीएफयूचे प्रमाण छापलेले असले पाहिजे. एका ग्रॅममध्ये जिवंत वाढू शकणारी बुरशीची एकके किती आहेत, हे सीएफयूवरून कळते. नेहमीच्या १ टक्का भुकटीत ते प्रमाण ग्रॅमला किमान २० लाख असावे लागते. ‘जैविक टॉनिक’, ‘मूळवर्धक’ अशा नावाखाली नोंदणी क्रमांक नसलेल्या बाटल्याही विकल्या जातात. त्यांच्यात काय आहे हे तपासण्याचे कोणतेही साधन आपल्या हाती नसते, म्हणून त्या घेऊ नयेत.

मुदत संपायला दोन महिने उरलेल्या पाकिटापेक्षा नुकतेच तयार झालेले पाकीट केव्हाही चांगले. दुकानात ते कुठे ठेवले आहे, हेही पाहावे. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात तापलेली भुकटी मुदतीत असली, तरी तिच्यातील बरीच बुरशी मेलेली असू शकते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांतून किंवा कृषी विज्ञान केंद्रांतून माल मिळाला तर उत्तम, पण तेथे हंगामात मागणी मोठी असते, म्हणून लागवडीच्या महिनाभर आधीच चौकशी करावी. घरी आणल्यावर पाकीट थंड, कोरड्या जागी, उन्हापासून आणि रासायनिक औषधांपासून दूर ठेवावे.

जिवंतपणाची ढोबळ परीक्षा घरीही घेता येते. मूठभर तांदूळ अर्धवट शिजवून, निथळून, स्वच्छ पिशवीत पुन्हा वाफवून पूर्ण थंड करावा. त्यावर चिमूटभर भुकटी टाकून पिशवीत थोडी हवा ठेवून तोंड सैल बांधावे आणि पिशवी सावलीत ठेवावी. दोन-तीन दिवसांत पांढरे तंतू आणि साधारण पाच-सहा दिवसांत हिरवा रंग दिसला, तर बुरशी जिवंत आहे असे समजावे. संख्या पुरेशी आहे का, हे मात्र यावरून कळत नाही. पाहून झाल्यावर पिशवी न उघडता पुरून टाकावी.

४. शेणखतावर बुरशी वाढवून घ्या

सर्व पायऱ्यांत मी सर्वाधिक महत्त्व या पायरीला देतो, आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक लोक गाळतात. आपल्या मध्यम ते भारी काळ्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो, तर ट्रायकोडर्माला किंचित आम्ल जमीन अधिक मानवते. सेंद्रिय कर्बही आपल्याकडे कमीच असतो. अशा जमिनीत कोरडी भुकटी नुसती फेकली, तर बुरशीला खायला काही मिळत नाही आणि ती टिकत नाही. शेणखतावर आधी वाढवून दिली, तर ती स्वतःची शिदोरी घेऊनच जमिनीत उतरते.

लागवडीच्या सुमारे तीन आठवडे आधी झाडाखाली किंवा छपरात जागा साफ करावी. पूर्ण कुजलेले, मातकट वासाचे, हाताला गार लागणारे २०० किलो शेणखत पसरावे आणि त्यात निंबोळी पेंड मिसळावी. २ किलो ट्रायकोडर्मा आधी १० किलो शेणखतात नीट कालवून घ्यावा आणि मग ते मिश्रण सगळ्या ढिगात सारखे पसरवावे. झारीने पाणी शिंपडत फावड्याने खालीवर करावे. ओलावा किती हवा हे मुठीवरून ओळखावे: मूठ आवळल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. ढीग दीड फुटापेक्षा उंच करू नये, नाहीतर आत हवा खेळत नाही. वर ओले गोणपाट झाकावे, दर तीन-चार दिवसांनी ढीग पालटावा आणि कोरडा वाटला तर पाणी शिंपडावे.

चौथ्या-पाचव्या दिवशी गोणपाट उचलल्यावर खताच्या ढेकळांवर पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वाढ दिसू लागते. पुढे त्याच ठिकाणी गडद हिरवे ठिपके पडतात. ती हिरवी पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. दहा ते पंधरा दिवसांत खत वापरण्याजोगे होते.

येथे तीन धोके आहेत. पहिला, ताजे किंवा अर्धवट कुजलेले शेण. असा ढीग आतून तापतो. ट्रायकोडर्माला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते आणि तापत्या ढिगात ती मरते. दूध कोमट असेल तरच विरजण लागते, तसेच हे आहे. शिवाय न कुजलेला काडीकचरा स्क्लेरोशियमला पोसतो, ते नुकसान वेगळेच. दुसरा, भलतीच बुरशी. ढिगावर काळी किंवा पिवळसर पूड पसरली, आंबूस किंवा सडका वास आला, तर तो भाग वापरू नये. ढीग पालटताना मास्क अवश्य लावावा, कारण हिरवी असो वा पिवळी, बुरशीची पूड फुप्फुसात जाणे चांगले नाही. तिसरा धोका अळिंबी उत्पादकांसाठी आहे. ट्रायकोडर्मा ही अळिंबीच्या पिशव्यांची मोठी वैरीण आहे, म्हणून हा ढीग अळिंबीच्या शेडपासून लांब करावा आणि त्याच कपड्यांनी शेडमध्ये जाऊ नये.

गूळपाण्यात ट्रायकोडर्मा आठवडाभर ठेवून ‘वाढवण्याची’ पद्धत अनेक गावांत रुजली आहे. उघड्या पिंपातील गोड पाण्यात ट्रायकोडर्मापेक्षा जिवाणू आणि यीस्टच वेगाने वाढतात, आणि शेवटी शेतात नेमके काय जाते याचा भरवसा राहत नाही. त्यामुळे मी शेणखताचीच शिफारस करतो.

५. जमीन तयार करा

ज्या शेतात पाणी साचते तेथे कोणतीही मित्रबुरशी मूळकुज थांबवू शकणार नाही. पिथियम आणि फायटोप्थोरा यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात, तर ट्रायकोडर्माला हवा लागते. म्हणून भारी जमिनीत उंच गादीवाफे करावेत आणि बांधाकडेने चर काढावा. मागील पिकाची मुळे आणि खोडके वेचून शेताबाहेर न्यावीत.

उन्हाळ्यात रोपवाटिकेची जागा मोकळी असेल, तर तिला भरपूर पाणी देऊन पारदर्शक पातळ पॉलिथिनने चार ते सहा आठवडे झाकून ठेवावे आणि कडा मातीने बंद कराव्यात. एप्रिल-मेच्या उन्हात वरच्या थरातील रोगकारक बुरश्या बऱ्याच प्रमाणात मरतात. कागद काढल्यावर लगेच ट्रायकोडर्मायुक्त खत मिसळावे, म्हणजे मोकळी झालेली जागा मित्रबुरशीला मिळते.

तयार खत पुनर्लागवडीच्या आधी, जमिनीत वाफसा असताना, संध्याकाळी गादीवाफ्यावरील लागवडीच्या ओळीतच टाकून मातीत मिसळावे. सगळ्या शेतभर पसरण्यापेक्षा मुळे जेथे वाढणार तेथे ते जास्त कामी येते. टाकल्यावर हलके पाणी द्यावे आणि जमीन कोरडी पडू देऊ नये.

६. बी आणि रोपवाटिका

घरचे बी असेल, तर किलोला ५ ते १० ग्रॅम भुकटी घ्यावी. बियांवर थोडे पाणी शिंपडून भुकटी हलक्या हाताने चोळावी, बी सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. संकरित बी मात्र बहुधा गुलाबी किंवा हिरव्या रंगाच्या बुरशीनाशकाने आधीच माखलेले येते. त्यावर पुन्हा ट्रायकोडर्मा चोळण्यात अर्थ नाही. अशा वेळी ट्रेमध्ये भरायच्या कोकोपीटमध्येच ती द्यावी. १०० किलो कोकोपीटला १ किलो भुकटी मिसळून, ओलसर करून, एक-दोन दिवस झाकून ठेवून मग ट्रे भरावेत.

रोपे रोपवाटिकेतून विकत आणणार असाल, तर तेथे शेवटची आळवणी कशाची आणि केव्हा केली, हे आवर्जून विचारावे. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी नुकतीच झालेली रोपे आणून त्यांना लगेच ट्रायकोडर्मा दिली, तर ती वाया जाईल.

७. पुनर्लागवडीच्या दिवशी

लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून रोपांची मुळे त्यात १५ ते २० मिनिटे बुडवावीत आणि मग लागवड करावी. ट्रेमधील रोपांचा अख्खा गड्डा ओला झाला पाहिजे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल, तर ते पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मग वापरावे. लागवड शक्यतो दुपारनंतर करावी आणि रोपाचा बुंधा ट्रेमध्ये होता त्यापेक्षा खोल गाडू नये.

८. आळवणी आणि तिचा हिशेब

पुनर्लागवडीनंतर साधारण १५ ते २० दिवसांनी पहिली आणि पुढे तीन आठवड्यांनी दुसरी आळवणी करावी. प्रमाण लिटरला ५ ग्रॅम. चार फूट बाय दीड फूट अंतरावर एकरी सुमारे ७,२०० रोपे बसतात. प्रत्येक रोपाला १०० मिली द्रावण दिले, तर ७२० लिटर पाणी आणि ३.६ किलो भुकटी एका आळवणीला लागते. हा हिशेब आधीच करून माल आणावा. एक किलोचे पाकीट एकरभर पुरवण्यासाठी द्रावण पातळ करत गेले, तर पैसे जातात आणि फायदा होत नाही.

भुकटीचा आधार शंखजिरे असते आणि ते पाण्यात विरघळत नाही. ठिबकमधून दिल्यास फिल्टर आणि ड्रिपर तुंबतात. म्हणून द्रावण कापडाने गाळून, सतत ढवळत, नोझल काढलेल्या पंपाने बुंध्याशी सोडावे. ठिबकनेच द्यायचे असेल, तर त्यासाठी बनवलेले द्रवरूप उत्पादन घ्यावे. आळवणीच्या वेळी जमीन ओलसर असावी आणि वेळ संध्याकाळची असावी.

९. रासायनिक औषधांशी गाठ घालू नका

ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, त्यामुळे बहुतेक बुरशीनाशके तिलाही मारतात. कार्बेन्डाझिम आणि थायोफिनेट मिथाईल तिच्यासाठी सर्वांत घातक आहेत. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल आणि टेब्युकोनॅझोल यांचीही जमिनीत आळवणी टाळावी. तांबेयुक्त औषधांपासूनही तिला दूर ठेवावे. मेटॅलॅक्झिल ती बऱ्यापैकी सहन करते, कारण ते औषध मुख्यतः पिथियम आणि फायटोप्थोरा यांच्या गटावर काम करते. तरीही एकाच टाकीत काहीही एकत्र करू नये.

जमिनीतून रासायनिक बुरशीनाशक दिले असेल, तर ट्रायकोडर्मापूर्वी किमान १५ दिवस जाऊ द्यावेत, आणि ट्रायकोडर्मा दिल्यानंतरही तेवढेच अंतर राखावे. पानांवरील करप्यासाठीची फवारणी थांबवण्याची गरज नाही, फक्त औषध बुंध्याशी ओघळेल इतके झाड भिजवू नये. स्युडोमोनाससारखे उपयुक्त जिवाणू द्यायचे असतील, तर एकत्र तयार केलेले उत्पादन घ्यावे किंवा आठवड्याच्या अंतराने वेगळी आळवणी करावी.

१०. उभ्या पिकात रोग दिसलाच तर

आधी पाणी कमी करावे आणि साचलेले पाणी काढून द्यावे. रोगट झाडे बुंध्याभोवतीच्या मातीसकट पिशवीत भरून शेताबाहेर न्यावीत. ती ओढत नेऊ नयेत आणि उकिरड्यावरही टाकू नयेत, कारण पुढच्या वर्षी तोच रोग खतातून परत येईल. रिकाम्या झालेल्या खड्ड्यांत आणि त्यांच्या भोवतालच्या निरोगी दिसणाऱ्या झाडांना ट्रायकोडर्मायुक्त खत आणि आळवणी द्यावी. रोग रोज नव्या ओळी गाठत असेल, तर मित्रबुरशीच्या भरवशावर थांबून राहू नये. तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्या पिकासाठी शिफारस असलेले बुरशीनाशक लेबलवरील मात्रेत द्यावे, तोडणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ पाळावा आणि पंधरा दिवसांनी शेणखतासह ट्रायकोडर्मा पुन्हा सुरू करावी.

११. हंगाम संपताना

शेवटच्या तोड्यानंतर शेताच्या वेगवेगळ्या भागांतून काही झाडे उपटून मुळे पाहावीत आणि कोणत्या वाफ्यात कुज आढळली याचा कच्चा नकाशा वहीत काढून ठेवावा. त्याच पानावर भुकटीचा बॅच क्रमांक, दिल्याच्या तारखा आणि त्या काळातील पावसाची नोंद लिहावी. ज्या वाफ्यांत कुज जास्त असेल तेथे पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची यांपैकी काहीच न घेता मका किंवा ज्वारी घ्यावी. तेथे पुन्हा भाजीपाला घेण्याची वेळ येईल, तेव्हा शेणखताचा ढीग नव्याने लावावा, कारण मागील वर्षी दिलेली बुरशी पुरेशी टिकली असेल असे गृहीत धरता येत नाही.